पाचव्या प्रकरणातला इशारा

दिनकरभाऊ,

तुमच्या शोकसभेत मला मळमळले. हे आधीच सांगून टाकते, कारण मुद्दा शेवटासाठी राखून ठेवण्याची माझी सवय तुम्हाला कधी मानवली नाही. सातपूरच्या त्या बंद सभागृहात निशिगंधाचे हार होते, घाम सुटलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या, मागच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली झाकलेल्या समोशांचा उबट, तेलकट वास होता. आणि समोर तुमचा फोटो होता. त्यात तुमच्या दातांवरचा गुटख्याचा तांबूस थर कोणीतरी संगणकावर पुसून पांढरा केला होता. त्या तांबूस रंगाची मला वर्षानुवर्षे किळस होती. तो नाहीसा झालेला पाहिला आणि त्याहून अधिक किळस आली. पांढऱ्या दातांचा, मान किंचित कलती करून हसणारा तो गृहस्थ माझ्या ओळखीचा नव्हता.

मग साहेब बोलायला उभे राहिले. ज्यांच्या कंपनीत आपण दोघांनी उमेदीची वर्षे काढली, ते आपले साहेब. तुमच्या आजारपणात त्यांनी तुमच्या घराचा जिना चढल्याचे मला आठवत नाही. पण माइकसमोर त्यांचा आवाज हवा तिथे बरोबर ओला होत होता.

"आमचा दिनकर एक वाक्य नेहमी सांगायचा," ते म्हणाले. "गेलेलं परत आणता येत नाही. तेव्हा आम्हाला वाटायचं, कॉम्प्युटरविषयी बोलतोय. आज कळतंय मित्रहो, तो आयुष्याविषयी बोलत होता."

सभागृहभर चुकचुकण्याचा आवाज पसरला. माझ्या शेजारच्या बाईंनी मान डोलावली आणि रुमाल काढला.

तुम्ही आयुष्याविषयी बोलत नव्हता. तुम्ही पाचव्या प्रकरणातल्या एका कमांडविषयी बोलत होता आणि तिच्याखेरीज दुसऱ्या कशाविषयीही नाही. मी कवितेचा अभ्यास केला, थोडीबहुत कविता लिहिली. रूपकाचा मोह तुमच्याहून मला अधिक. पण त्या वाक्याचे रूपक करायला माझी जीभ कधी वळली नाही, कारण त्या वाक्यामागे कैलास उभा आहे.

तुम्हाला हे सांगायला नको. पण हा मजकूर इतरही वाचतील, म्हणून थोडे सांगते. आपल्या कंपनीत कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिले जात. एकाच प्रोग्रॅमवर चौघांचे हात फिरत आणि कोणी काय बदलले याचा पत्ता लागत नसे. त्यासाठी एक टूल होते, जगभरच्या माणसांनी मिळून घडवलेले, फुकट मिळणारे. त्यात चित्रे नव्हती, बटणे नव्हती. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि त्या रेघेपुढे आपण टाकायची कमांड. फाइल एकदा टूलच्या स्वाधीन केली की तिचे प्रत्येक रूप ते जपून ठेवी. कोणी, केव्हा, काय बदलले ते सांगे आणि मागाल ते जुने रूप परत काढून देई. त्याची इंग्रजी मार्गदर्शिका तुम्ही काही हौशी मंडळींनी मराठीत आणायला घेतलीत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये डिप्लोमा करून लागलेल्या माणसांसाठी. मी तेव्हा कंपनीची माहितीपत्रके लिहीत होते. मराठी तपासायला कोणी हवे म्हणून तुम्ही मला ओढलेत. पुस्तिका सर्वांना खुली होती. कोणीही ई-मेलने दुरुस्ती सुचवावी, आपण दोघांनी ती तपासावी, आणि दोघांचेही 'मंजूर' पडले तरच ती आत जावी, असा नियम होता.

पाचव्या प्रकरणात साफसफाईचा भाग होता. फोल्डरमध्ये पडलेल्या, पण टूलच्या स्वाधीन न केलेल्या सगळ्या फायली एक कमांड न विचारता पुसून टाकते. मूळ इंग्रजीत एवढेच होते की, फोल्डर नीटनेटके करायचे असेल तर ही कमांड वापरा. मराठीतही तेवढेच होते. भाषांतर निर्दोष होते. दोष होता तो आपल्या गल्लीतल्या रिवाजात, आणि तो रिवाज त्या दूरच्या लेखकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सातपूरच्या शेडमध्ये तपासनीस 'पास' म्हणेपर्यंत कोणी जॉबची, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या तुकड्याची, नोंद करत नाही. नापास जॉबची नोंद केली की वरून विचारणा होते, म्हणून पास होईपर्यंत काम बिननोंदीचे राहू द्यायचे. हाच रिवाज लोकांनी टूललाही लावला. प्रोग्रॅम यंत्रावर चालून तुकडा पास होईपर्यंत फाइल टूलच्या स्वाधीन करायची नाही. परिणामी ज्या कामात जीव अडकलेला, जे अजून अर्धे, नेमके तेच केरात मोजले जाई.

कैलास शेजारच्या वर्कशॉपमध्ये प्रोग्रॅम लिहायचा. त्याने आपली पुस्तिका छापून घेतली होती आणि तिच्याबरहुकूम फोल्डर नीटनेटके केले. महिनाभराचे काम गेले. मालकाने त्याला त्याच दिवशी घरी पाठवले. तो आपल्या कार्यालयात आला तेव्हा त्याच्या शर्टाला यंत्र थंड ठेवणाऱ्या पांढऱ्या पाण्याचा आंबूस वास होता आणि हातात ती पाने होती.

"भाऊ, मी पुस्तकाप्रमाणंच केलं. ही ओळ बघा. आता परत कसं आणायचं तेवढं सांगा."

"नाय येत," तुम्ही म्हणालात. "टूलनं ते कधी बघितलंच नाय. बघितलं नाय ते कुठून देईल?"

"मग हे इथं लिवलं का नाय?"

त्याच्यासाठी मागवलेल्या चहावर साय धरली आणि ती सुरकुतत गेली. साहेबांच्या केबिनचे दार उघडे होते. आतून आवाज आला, "फुकटचं पुस्तक वाचून कामं करतात आणि मग रडत येतात." कैलासने तो ऐकला. मी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होताना पाहिल्या.

त्याच दुपारी तुम्ही लिहिलेत: 'थांबा. या कमांडने टूलच्या स्वाधीन न केलेल्या फायली जातात. गेलेले परत आणता येत नाही.' मी एकही शब्द न हलवता मंजूर केले. त्या ओळींत अलंकार नाही, लय नाही, कानाला गोड लागेल असे काही नाही. आणि तरी मी वाचलेल्या गद्यात त्यांच्याइतके सच्चे फार थोडे आहे.

त्यानंतर तुम्ही तपासणीची रीतच बदललीत. दुरुस्ती नुसती डोळ्यांनी वाचून मंजूर करायची नाही. मी मोठ्याने वाचायची. तुम्ही पडद्याकडे तोंड करून बसायचे, आणि कानावर पडेल तेवढेच हातांनी करायचे, एक अक्षर अधिक नाही. पाठवणाऱ्याचे नाव दिसू नये म्हणून पडद्याच्या वरच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवलेली असे. वीज गेली की इन्व्हर्टरच्या घरघरीत, पंख्याविना, घामाने चिकटलेल्या कपड्यांत आपण वाक्यांशी भांडत बसायचो.

"'आता मागील पायरीप्रमाणे करा,'" मी वाचायची.

"मागली कोणती?"

"वरचीच हो. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत हाय. ह्यांना नाय." आणि तुम्ही स्वतःचे दोन्ही हात माझ्यापुढे धरायचात, जणू ते कोणा तिसऱ्याचे. "नामंजूर."

एकदा मी लिहिले होते, 'फायलींचा प्रवाह पुन्हा उगमाकडे वळवता येतो.' मला ते वाक्य आवडले होते. तुम्ही हात कळांवरून उचलून गुडघ्यांवर ठेवलेत.

"काय झालं?"

"ताई, गोदेवर उभं राहून लिवलं का हे?"

"अर्थ कळतोय की."

"कळला ना. आता कोणती कळ दाबू? उगमाची?"

मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वाक्य बदलून आणले. तुमच्यासारख्या कळवणच्या माणसाने मला उपमा काढून टाकायला शिकवले, असे मी पुढे मैत्रिणींना तक्रारीच्या सुरात सांगायची. आज त्याच तक्रारीचा सूर बदलला आहे, एवढे इथे लिहून ठेवते.

आणि तुमची ती लासलगावची गोण. एका दुरुस्तीत एकच गोष्ट असावी, हे नवख्यांना समजावताना तुम्ही म्हणायचात, "लासलगावला कांदा ओतून बघतात, तेव्हा खालचा सडका दिसतो. आपल्याला ओतत बसायला वेळ नाय. म्हणून एका गोणीत एकच माल. दोन निघाले की अख्खी गोण परत."

तुमच्या गुटख्याविषयी मी सौम्यपणे लिहावे असे मला दोघातिघांनी सुचवले आहे. मी लिहिणार नाही. त्या पुडीचा गोडसर, सडलेल्या फुलांसारखा वास आपल्या टेबलाच्या लाकडात मुरला होता. कीबोर्डच्या फटींत सुपारीचा भुगा असे. तुमच्या नंतर त्यावर हात ठेवायचा तर मी आधी ओल्या फडक्याने कळा पुसायची. जिन्याच्या कोपऱ्यातली ती लाल भिंत, जिच्यावर कोणी वैतागून देवांच्या फरशा बसवल्या होत्या, आणि तुम्ही मंडळी देवांच्या दोन फरशांमधली मोकळी जागा नेमकी शोधायचात. मला शिसारी येई. मी बोलून दाखवायची, तुम्ही हसायचात, आणि हसताना तोंड वर करून ओठ मिटून धरायचात, आतले सांडू नये म्हणून. ज्या माणसाला वाक्यातला एक फालतू शब्द खपत नसे, त्याने पुडीवर छापलेला इशारा रोज फाडून आतला माल तोंडात टाकावा, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुमच्या जाण्याने तो ओसरेल असे वाटले होते. उलट तो आता रिकाम्या घरात फिरल्यासारखा माझ्यात फिरतो.

शेवटच्या महिन्यांत तुमचा आवाज गेला. तुमच्या घरी, खिडकीखालच्या संगणकासमोर, तुम्ही टाइप करायचात आणि मी उत्तर द्यायची. गालावरच्या पट्टीखालून जखमेचा वास येई, औषधाच्या उग्र वासालाही न जुमानणारा. आलेली माणसे खुर्ची हळूच मागे सरकवत आणि म्हणत, "चेहऱ्यावर तेज आहे हो अजून." मी खुर्ची सरकवली नाही, पण श्वास तोंडाने घेत होते. तुमच्या ते लक्षात आले. पडद्यावर अक्षरे उमटली: 'वास येतो ना? खरं सांगा.'

"येतो," मी म्हणाले.

तुम्ही एकच शब्द टाइप केलात: 'मंजूर.'

मला रडू आले आणि हसूही. वहिनी चहा घेऊन आत आल्या, तेव्हा आपण दोघे खांदे हलवत होतो, तुम्ही आवाजाविना.

आता मूळ गोष्ट. शोकसभेनंतर चारच दिवसांत पुस्तिकेसाठी एक दुरुस्ती आली. तिचे नाव होते, 'श्रद्धांजली व किरकोळ सुधारणा'. सवयीने मी पाठवणाऱ्याच्या नावावर पट्टी धरली होती. पहिल्या पानावर तुमचा तोच पांढऱ्या दातांचा फोटो, खाली 'ज्ञानयज्ञातील समिधा', 'अखंड तेवणारी ज्योत', असे बरेच काही. तुपात बुडवून थंड केलेली ती भाषा; बोटांना चिकटावी अशी. मी पुढे वाचत गेले. दुसऱ्या प्रकरणात एक स्वल्पविराम. तिसऱ्यात एका शब्दाचा बदल. आणि पाचव्यात तुमचा इशारा नव्हता. त्याच्या जागी लिहिले होते, 'या सुलभ कमांडने आपले फोल्डर क्षणार्धात स्वच्छ करा.' आणखीही दोन ठिकाणचे तुमचे 'थांबा' असेच गेले होते.

पट्टी काढली. साहेबांचे नाव होते.

त्यांनी आता त्याच टूलचे शिकवणी वर्ग सुरू केले आहेत, आणि ज्या पुस्तकाला ते फुकटचे म्हणत, तेच तिथे वाटतात. ज्या वाक्यावर सभागृह रडवले, तेच वाक्य चार दिवसांनी पुस्तकातून काढायला पाठवले. तेही तुमच्या फोटोखाली दडवून, अशा हिशेबाने की फोटोला नकार देण्याची माझी छाती होणार नाही. मी उठून तोंड धुतले. पाणी कोमट होते आणि टाकीच्या गंजाची चव त्याला होती. मला वाटले, तुमच्या मृत्यूपेक्षाही हे ओंगळ आहे. मृत्यूने निदान लबाडी केली नव्हती.

मी 'नामंजूर' टाइप केले, पण पाठवले नाही. एका गोणीत दोन माल; तुमच्या नियमाने एवढे कारण पुरले असते. पण साहेब उद्या दोन गोण्या करून पाठवतील, आणि मग पाचव्या प्रकरणावर मला निर्णय द्यावा लागेल. तेव्हा माझ्याकडे काय होते? फक्त किळस. आणि तुमचे मला पाठ असलेले वाक्य: "किळस आली हे कारण नाय ताई. हातांना काय झालं ते सांगा." मी वाचू शकत होते. हात नव्हते.

दहावा कळवणला झाला. सुनंदावहिनी परत आल्या आणि शाळेत रुजू झाल्या. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. चौथीच्या वर्गाची प्रश्नपत्रिका त्या तुमच्याच संगणकावर टाइप करत होत्या, दोन बोटांनी. कीबोर्ड स्वच्छ होता, आणि ते स्वच्छ असणे मला पाहवेना.

"वहिनी, मी वाचीन तसं तुम्ही टाइप कराल? मी म्हणेन तेवढंच. समजून घ्यायचं नाही."

"हे करायचे ते?" त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "बाहेरच्या खोलीतून ऐकायचे मी. तुम्ही वाचायच्या आणि हे खेकसायचे. मला वाटायचं, चांगली शिकलेली बाई, हिला एवढं सुद्धा वाचता येईना."

मी एक सरावाचे फोल्डर केले आणि त्यांच्या प्रश्नपत्रिकेची नक्कल त्यात ठेवली, टूलच्या स्वाधीन न करता. ती नक्कल आहे, हे सांगितले नाही. पुस्तिकाही सांगत नाही. मग साहेबांचा मजकूर वाचला. क्षणार्धात स्वच्छ करा. वहिनींनी अक्षर अक्षर शोधून कमांड टाकली आणि एंटर दाबले. मी त्यांना फोल्डर उघडायला सांगितले.

"माझा पेपर कुठाय?"

"गेला."

"म्हणजे?" त्यांचा चेहरा उतरला. "अहो ताई, गणिताचा पेपर होता. सोमवारी परीक्षा आहे पोरांची."

"नक्कल होती. तुमचा पेपर सुखरूप आहे, हा बघा."

त्यांनी तो नीट पाहिला, खालपर्यंत सरकवून पाहिला. मग माझ्याकडे वळल्या. "नक्कल होती हे तुम्हाला माहीत. मला पुस्तकानं कुठं सांगितलं? कोणी लिहिलंय हे?"

मी नक्कल पुन्हा ठेवली आणि या वेळी तुमचा मजकूर वाचला. थांबा. या कमांडने टूलच्या स्वाधीन न केलेल्या फायली जातात. गेलेले परत आणता येत नाही. मग कमांड वाचली.

वहिनींचे बोट एंटरच्या कळेवर आले आणि हवेतच राहिले. ते बोट मी पाहिले, दिनकरभाऊ. त्यावर खडूची पांढरी भुकटी होती. तुमच्या वाक्याला जे काम दिले होते, ते त्या वाक्याने माझ्यासमोर केले. कैलाससाठी ते व्हायला हवे होते. तुम्हाला गाठून हे सांगावे म्हणून मी दाराकडे वळलेसुद्धा.

वहिनी म्हणाल्या, "मग आधी काय करू?"

आपला जुना वाद तुम्हाला आठवत असेल. मी म्हणायची, इशाऱ्याखाली उपाय हवा. माणसाला कड्यावर उभे करून वाट न दाखवणे हे निष्ठुर आहे. तुम्ही म्हणायचात, "थांबला की शोधतो माणूस. घास पण आपणच भरवायचा का?" तो वाद मिटला नाही. तुमचा आवाज गेला तेव्हा तुम्ही एकदा टाइप केले होते, 'उपायाचं बघू नंतर.' ते नंतर आले नाही. आणि वहिनी थांबल्या, पण शोधायला गेल्या नाहीत. त्यांनी विचारले. तुम्ही वाद हरलात, आणि तुम्हाला चिडवायला तुम्ही नाही. जिंकण्याची इतकी बेचव चव मी कधी घेतली नव्हती.

साहेबांची दुरुस्ती मी परत पाठवली. कारण लिहिले: 'सुधारित मजकुराप्रमाणे हातांनी केले असता वाचणाऱ्याची फाइल गेली. इशाऱ्यासह केले असता हात थांबला. शिवाय एका दुरुस्तीत दोन गोष्टी आहेत.' किळसेचा उल्लेख केला नाही. तुम्ही तो ठेवू दिला नसता.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही दिनकरची श्रद्धांजली नाकारलीत. लोकांना काय सांगू?"

"त्यांचं नाव वेगळं पाठवा, लगेच तपासते. फोटो मात्र तांबूस दातांसकट."

"अहो, ते इशारे वाचून पोरं घाबरतात. क्लास सोडून जातात."

"घाबरावं म्हणूनच लिहिलेत."

"दिनकर असता तर त्यानं माझं ऐकलं असतं."

"ते असते तर तुम्ही पाठवलंच नसतं."

मग ते व्यवहारी आवाजात म्हणाले, "दोघांचं मंजूर लागतं ना तुमच्यात? आता एक जागा रिकामी आहे. माझा पुतण्या बसेल. इंजिनिअर आहे."

"जागा भरली आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग वहिनींना विचारायचे राहिले आहे, हे ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी विचारले. त्या डाळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतं?"

"काहीच नाही. तसंच कोणी हवंय."

"यांच्या नावानं सही नाही करायची मी."

"तुमच्या नावानं करा."

त्यांनी ताटातले दोन खडे बाजूला काढले. "बघू. वाचा तुमचं काय ते."

मी इशाऱ्याखाली घालायचे वाक्य रात्रभर मनात घोळवून आणले होते. ते असे होते: 'तत्पूर्वी, जे अपुरे आहे तेही टूलच्या स्वाधीन करा, अपुरेपणाची नोंद करण्यात कमीपणा नाही.' सातपूरच्या प्रत्येक शेडमधल्या प्रत्येक कैलाससाठी मी ते लिहिले होते. खरे सांगायचे तर तुमच्यासाठीही.

वहिनी हात पुसून संगणकासमोर येऊन बसल्या होत्या. त्यांची बोटे कळांवर होती आणि हलत नव्हती.

"स्वाधीन करा म्हणजे काय टाकू?"

"ती कमांड तिसऱ्या प्रकरणात आहे."

"मी पाचव्यात आहे ना? घाबरून बसलेय. आता तिसरं काढू?"

मी ते लिहून घेतले.

"आणि दुसरं अर्धं? कमीपणा नाही. त्याचं काय टाइप करू?"

"ते टाइप करायचं नाही. लोकांना अर्धं काम दाखवायची लाज वाटते, वहिनी. ती जावी म्हणून आहे ते."

त्यांनी जरा विचार केला. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या, मनापासून. "फळ्यावर लिहायला चांगलं आहे. नापास कसं करतात इथं?"

मी दाखवले. वहिनी अक्षरे शोधत राहिल्या, मी खिडकीशी उभी राहिले. खालून शिफ्ट सुटल्याच्या मोटारसायकलींचा धूर वर येत होता.

दिनकरभाऊ, माझी दुरुस्ती नामंजूर झाली आहे. कारणाच्या जागी वहिनींनी लिहिले आहे: 'कोणती कमांड ते इथेच लिहा. बाकीचे काढा. शाळा सुटल्यावर मी घरीच असते, पुन्हा घेऊन या.'